जन्मजात नेत्रविकृतींचे कोडिंग व नोंद (मराठवाडा)

गर्भात डोळ्याची घडण अपुरी राहिली किंवा बिघडली, तर तिचे निदान केसपेपरवर लिहिणे आणि त्याला आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातील कोड देणे. या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, या विकृती क्यू१० ते क्यू१५ या गटांत येतात. पापणी, अश्रुमार्ग व खोबणीचे दोष क्यू१० मध्ये, डोळाच नसणे किंवा अगदी लहान असणे क्यू११ मध्ये, भिंगाचे दोष क्यू१२ मध्ये. क्यू१३ व क्यू१४ हे डोळ्याच्या पुढच्या व मागच्या भागांचे गट. जन्मजात काचबिंदूचा कोड क्यू१५.०, त्यामुळे मोठा झालेला डोळाही इथेच नोंदवतात, क्यू११.३ मध्ये नाही.

सर्वात जास्त काळजी बाहुलीतल्या पांढरेपणाची घ्यावी लागते. ‘बाळाच्या डोळ्यात पांढरं दिसतंय’ असे आई सांगते, तेव्हा तो जन्मजात मोतीबिंदू (क्यू१२.०) असू शकतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा पडद्याचा आजार (एच३५.१) असू शकतो किंवा पडद्याचा कर्करोग (सी६९.२) असू शकतो. तिन्हींचे उपचार निराळे, आणि कर्करोगात जिवाशी गाठ. म्हणून तपासणी पुरी होईपर्यंत लक्षणच लिहावे. कोड लिहिणाऱ्याने अंदाज बांधू नये.

क्यू१२.० या कोडमधून डोळा उजवा, डावा की दोन्ही, हे कळत नाही. ते शब्दांत लिहिलेच पाहिजे. एकाच डोळ्यातील दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया साधारण सहा आठवड्यांच्या आत झाली, तर नजर येण्याची आशा जास्त असते. कारण रुबेला असेल तर पी३५.० हा कोडही हवा. केसपेपरवर आई-वडिलांच्या नात्यातल्या लग्नापुढे नुसते ‘हो’ लिहून भागत नाही, नाते कोणते तेही लिहावे लागते. मराठवाड्यात मामा-भाचीची आणि आते-मामे भावंडांची लग्ने होतात. अपत्यात एकाच पूर्वजाकडून आलेली जनुकजोडी जुळण्याची शक्यता पहिल्या नात्यात १/८, तर दुसऱ्यात १/१६ असते.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे. प्रसूतिगृह, आशा सेविका, अंगणवाडी किंवा शाळा यांपैकी कुठेही दोष आढळला, तरी मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. अडचण येते ती स्थलांतराची. बीड, जालना, धाराशिवची ऊसतोड कुटुंबे दसऱ्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. बाळ फडावर जाते, केसपेपर दवाखान्यात राहतो. म्हणून निदान, बाजू, तारीख आणि पुढे कुठे दाखवायचे, हे सगळे आईजवळच्या माता-बाल संरक्षण कार्डावर वाचता येईल अशा अक्षरात असावे. डोळे निरोगी असले तरी ‘दोन्ही बाहुल्यांत लाल चमक दिसली’ (डोळ्यावर प्रकाश टाकल्यावर पडद्यावरून परतणारी) एवढे जन्माच्या वेळी लिहावे; तीन वर्षांनी मोतीबिंदू सापडला, तर तो जन्मजात की नंतरचा (एच२६.०), हे ठरवायला हीच ओळ कामी येते.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी क्यू कोड पुरत नाही. टक्केवारी चष्म्यासह मोजलेल्या नजरेवर व दृष्टिक्षेत्रावर ठरते, त्यामुळे दृष्टिदोषाचा एच५४ हा कोड आणि दोन्ही डोळ्यांची मोजमापे वेगळी नोंदवावी लागतात.