मोटरहोममागची कार आणि ब्रेकचा जुना वाद

अमेरिकेत मोटरहोममागे, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीमागे, छोटी कार चारही चाकांवर ओढत न्यायची पद्धत जुनी आहे. कॅम्पग्राउंडवर मोठं धूड एकदा लागलं की दूध-भाजी आणायला कार हवीच. सुरुवातीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बंपर लोखंडी होते, त्यालाच त्रिकोणी टो बार (कार ओढायचा लोखंडी दांडा) आवळला की काम भागायचं. बंपरवर प्लास्टिकचं कवच आलं आणि तो आधार गेला. मग कवचाच्या आत, सांगाड्याला बोल्टने कसलेली बेसप्लेट लागायला लागली. पुढे बारही बदलला. जुन्या ताठ बारसमोर कार अगदी नेमकी आणावी लागे. नव्या बारचे हात लांब-आखूड होतात. कार थोडी तिरकी असली तरी ती जोडून हळू पुढे निघायचं, हात ताणले जाऊन आपोआप लॉक होतात.

बार, बेसप्लेट, एकमेकींवर फुली घालून लावलेल्या सेफ्टी केबल, मागच्या दिव्यांची वायर, यांवर कुणी भांडत नाही. भांडण होतं ते कारच्या ब्रेकवरून: ओढताना कारचेही ब्रेक लागतील अशी वेगळी सिस्टिम हवी की नको?

बऱ्याच राज्यांत 3000 पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. कॅलिफोर्नियात राहायच्या (कॅम्प) ट्रेलरसाठी हा आकडा 1500 आहे. पण हे नियम ट्रेलर डोळ्यांसमोर ठेवून केलेले. स्वतःचं इंजिन आणि नंबर प्लेट असलेली कार ट्रेलरमध्ये मोडते का? राज्याराज्यांची शब्दरचना वेगळी, त्यामुळे दोन्ही बाजूंना आपापला कायदा सापडतो. 30,000 पौंडांच्या डिझेल मोटरहोमवाल्याला मागची 3500 पौंडांची कार जाणवतही नाही, असं त्याचं म्हणणं. त्याला ती जाणवत नाही हे खरंच, पण त्याने काही सिद्ध होत नाही. मोटरहोमचे ब्रेक तिच्या स्वतःच्या कमाल वजनासाठी बनवलेले असतात, आणि ठरावीक वजनापुढे मागच्या वाहनाला वेगळे ब्रेक लावा, असं चॅसी (गाडीचा सांगाडा) बनवणाऱ्यांच्या पुस्तिकांतच छापलेलं असतं. शिवाय बार तुटला तर? ब्रेकअवे स्विचची दोरी खेचली जाऊन कारचे ब्रेक लागतात. पण ती सोय ब्रेकिंग सिस्टिम असेल तरच.

अशा सिस्टिमच्या विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. कारमध्ये ड्रायव्हरच्या सीटसमोर ठेवून पेडल दाबणारी पेटी नीट लावली नाही, तर ब्रेक अर्धवट लागलेलेच राहतात आणि कित्येक मैल तापत जातात. मोटरहोमच्या चालकाला पुढे पत्ताही लागत नाही. म्हणून आता मोटरहोमच्या डॅशबोर्डवर इशारा देणारा दिवा लावतात. कायमस्वरूपी बसवायच्या सिस्टिमही आल्या. त्या महाग, पण दर वेळी पेटी उचलून ठेवायची कटकट नाही.

गेल्या दशकात वादाचा विषयच थोडा सरकला, कारण ओढण्याजोग्या कारच कमी झाल्या. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं फिरली की आतले भाग कोरडे घासतात. होंडा सीआर-व्ही ही ओढणाऱ्यांची लाडकी गाडी होती, पण 2015च्या मॉडेलला सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आला आणि कंपनीची परवानगी संपली. जीप रँग्लरच्या ट्रान्सफर केसला (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या भागाला) न्यूट्रल असल्याने चाकं गिअरबॉक्सपासून सुटी करता येतात, म्हणून ती टिकून आहे. इलेक्ट्रिक गाड्यांची मोटर चाकांना जोडलेलीच असते, त्यामुळे बहुतेक कंपन्या त्या चारही चाकांवर ओढू देत नाहीत. त्यांच्यासाठी पुन्हा ट्रेलरच घ्यावा लागतो, आणि त्याला ब्रेक हवेत की नकोत यावर वाद नाही.