ट्यूबवर ‘ट्रेटिनॉइन’ छापलंय म्हणून ते ट्रेटिनॉइन क्रीम होत नाही

ट्रेटिनॉइन म्हणजे पिंपल्स आणि सुरकुत्यांवर लावायचं, व्हिटॅमिन ए गटातलं औषध. ‘मी ट्रेटिनॉइन लावते, मस्त सूट झालंय,’ असं कुणी म्हणालं की मी आधी ट्यूबचा फोटो मागवते. बहुतेक वेळा त्यावर बारीक अक्षरांत तीन नावं निघतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. मेडिकलवाला ‘डाग जातील, उजळाल’ म्हणून देतो तीच ही ट्यूब. हीच तिहेरी क्रीम; त्यातलं हायड्रोक्विनोन डाग फिकट करतं, मोमेटासोनचं पुढे सांगते. साध्या क्रीममध्ये औषध एकच, ट्रेटिनॉइन, ०.०२५ किंवा ०.०५ टक्के.

दोन्ही क्रीम रात्रीच्या वेळी लावायच्या, सकाळी सनस्क्रीन हवंच, गरोदरपणात दोन्ही बंद. इथं कुणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो पहिल्या महिन्यात. साध्या ट्रेटिनॉइनने चेहरा कोरडा पडतो, नाकाच्या कडेला आणि हनुवटीवर सालं निघतात, आत दबलेले पिंपल्स वर येतात. पिंपल्सवर फरक कळायला तीनेक महिने, सुरकुत्यांना त्याहून जास्त. तिहेरी क्रीमने मात्र आठवड्या-दोन आठवड्यांत चेहरा तुकतुकीत! लाली गेली, पिंपल्स बसले, सालं नाहीत. कारण मोमेटासोन हे स्टिरॉइड आहे. ते जळजळ आणि सूज दाबून टाकतं. मग निकाल लागतो: ही सूट झाली, त्या दुसरीची रिॲक्शन आली. नेमका उलटा निकाल.

खरा फरक कळतो लावणं थांबवल्यावर. साधं ट्रेटिनॉइन सोडलं तर फार तर जुने पिंपल्स हळूहळू परततात. महिनोन्‌महिने लावलेली तिहेरी क्रीम सोडली की काही दिवसांत चेहरा लालभडक, आग आग, एकसारखे बारीक फोड. घाबरून पुन्हा लावली की शांत. तोवर गालांवर लाल शिरांची जाळी दिसू लागते, जबड्याकडेने लव वाढते, गॅसपुढे उभं राहिलं तरी चेहरा पेटतो. आपल्याकडच्या त्वचातज्ज्ञांनी या अवस्थेला नावच दिलंय: टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस, म्हणजे स्टिरॉइड क्रीमने बिघडलेला चेहरा.

तिहेरी मिश्रण मुळात वाईट नाही. अमेरिकी त्वचातज्ज्ञ क्लिगमन यांनी १९७५ मध्ये असं मिश्रण मांडलं ते काळ्या डागांसाठी. आजही वांगावर डॉक्टर ते देतात, पण मोजके आठवडे आणि नजरेखाली. पिंपल्सना आणि सुरकुत्यांना त्यात काही काम नाही. आणि ‘नाइट क्रीम’ म्हणून वर्षभर लावणं तर मला बघवत नाही.

आधीच सवय लागली असेल तर ट्यूब एका रात्रीत फेकू नका. त्वचातज्ज्ञांना दाखवून बेतानं सोडवा. साधं ट्रेटिनॉइन लिहून मिळालं तर आठवड्यातून दोन-तीन रात्री, मटारच्या दाण्याएवढं, कोरड्या चेहऱ्यावर. काउंटरवर ‘तेच आहे हो, कंपनी वेगळी’ असं ऐकवलं जाईल. ट्यूब उलटी करून वाचा. मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, यातल्या एकाही स्टिरॉइडचं नाव दिसलं तर ते ‘तेच’ नाही.