म्हाडाची सोडत: एकट्याच्या नावावर अर्ज करताना

म्हाडाचं घर मिळायला लग्न झालेलं असावं लागतं, हा समज अजूनही बराच पसरलेला आहे. तसं काही नाही. १८ वर्षं पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती, मग ती अविवाहित असो, विधवा किंवा विधुर असो, घटस्फोटित असो, स्वतःच्या एकट्याच्या नावावर अर्ज करू शकते. पात्रतेच्या बाबतीत तर एकट्या अर्जदाराचं काम सोपंच असतं. खरी ओढाताण होते ती नंबर लागल्यावर, पैसे भरायच्या मुदतीत. पण आधी पात्रता.

कुणाचं उत्पन्न धरतात?

फक्त तुमचं. म्हाडाच्या हिशेबात कौटुंबिक उत्पन्न म्हणजे अर्जदार आणि त्याचा पती किंवा पत्नी यांचं मिळून उत्पन्न. तुम्ही आईवडिलांकडे राहता, रेशनकार्ड एकच आहे, वडिलांना पेन्शन आहे, तरी ती रक्कम तुमच्या उत्पन्नात मिळवायची नसते.

मुंबई, पुणे, नागपूर महानगर प्रदेशांत वर्षाला ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेले अत्यल्प गटात येतात आणि ६ ते ९ लाखांचे अल्प गटात. राज्यात इतरत्र, दहा लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येची शहरं वगळता, याच मर्यादा साडेचार आणि साडेसात लाख आहेत. त्यावर मध्यम आणि उच्च गट. आपल्यापेक्षा वरच्या गटातल्या घरासाठी अर्ज करता येतो, खालच्या गटात मात्र उतरता येत नाही. ज्याचा पगार नुकताच मर्यादेच्या वर गेलाय त्याच्या हे जिव्हारी लागतं, पण त्यावर इलाज नाही.

दुसरी अट घराची. ज्या भागातल्या घरासाठी अर्ज करता, तिथे तुमच्या नावावर आधीच घर नको. सोडतीतली काही घरं प्रधानमंत्री आवास योजनेची असतात. तिथे अट आणखी कडक आहे: देशात कुठेही पक्कं घर नको. वडील गेल्यावर वारसनोंद होऊन गावच्या घराच्या उताऱ्यावर भावंडांसोबत आपलंही नाव लागलंय, हे कित्येकांच्या ध्यानातही नसतं. म्हणून प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी तो उतारा काढून बघाच. खोट्या माहितीवर मिळालेलं घर रद्द होतं.

आणखी एक गोष्ट बरेचजण विचारतात. पत्रकार, माजी सैनिक, कलाकार, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमाती अशा प्रवर्गांना आरक्षण आहे, पण एकट्या राहणाऱ्या स्त्रीसाठी असा वेगळा प्रवर्ग त्या यादीत नाही.

कागदपत्रं

२०२३ पासून पद्धत बदलली. पूर्वी आधी सोडत निघायची आणि मग विजेत्यांची कागदपत्रं तपासण्यात महिनोन् महिने जायचे. आता नोंदणी करतानाच कागद अपलोड करायचे, त्यांची तपासणी होते आणि पात्र ठरलेलेच अर्ज सोडतीत जातात. नोंदणी एकदाच करावी लागते आणि ती कधीही करता येते. त्यामुळे जाहिरातीची वाट बघत बसू नका.

आधार, पॅन, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा पुरावा आणि प्रवर्गातून अर्ज असेल तर त्याचं प्रमाणपत्र. यादी जवळपास एवढीच. पण अर्ज अडकतात ते याच चार-पाच कागदांवर.

अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे डोमिसाइल, बारकोड असलेलं लागतं. शाळेत असताना काढलेला जुना शिक्क्याचा कागद चालत नाही. 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून नवं काढा. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला, जुनी वीजबिलं, रेशनकार्ड हाताशी ठेवा.

उत्पन्नासाठी आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा दाखला. इथे वर्षाचा घोळ होतो. जाहिरातीत २०२३-२४ या आर्थिक वर्षाचं उत्पन्न मागितलं असेल, तर विवरणपत्राच्या पावतीवर 'असेसमेंट इयर २०२४-२५' असं दिसायला हवं. पावतीवर २०२३-२४ छापलंय म्हणून तीच जोडली, तर ती आदल्या वर्षाची निघते. घरकाम, शिकवण्या, खानावळ असं काम करून विवरणपत्र न भरणाऱ्यांनी तहसीलदारांचा दाखला घ्यावा. त्यावरही वर्ष तपासूनच बाहेर पडा.

घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा अपलोड करावा लागतो. मात्र स्त्रियांना त्याहून जास्त त्रास होतो तो नावाचा. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, डोमिसाइलवर तिसरंच काहीतरी. नोंदणीत आधार आणि पॅनची ऑनलाइन पडताळणी होते, तिथे गाडी थांबते. कुठलं नाव ठेवायचं ते आधी ठरवा. माहेरच्या नावावर परत जायचं असेल तर राजपत्रात नावबदल करून घ्या, मग आधार, त्यानंतर पॅन आणि डोमिसाइल सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला तर तेच काम दोनदा करावं लागतं.

कोणत्या घरासाठी अर्ज करायचा

प्रत्येक योजनेला संकेत क्रमांक असतो, प्रत्येक अर्जाची अनामत रक्कम वेगळी भरायची आणि अर्जाचं शुल्क परत मिळत नाही. पगार बेताचा असेल तर पाच-सहा ठिकाणी अर्ज टाकून पैसे अडकवण्यापेक्षा एक-दोन योजनास्थळं प्रत्यक्ष बघून या. पाणी, स्टेशनपासूनचं अंतर, रात्री साडेनऊला तिथवर रिक्षा मिळते का, हे माहिती पुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

पुणे, नाशिककडे खासगी बिल्डरांच्या मोठ्या प्रकल्पांतली २० टक्के घरं सोडतीत येतात. किंमत बाजारापेक्षा बरीच कमी, म्हणून अर्जही खूप येतात. ही घरं बहुतेक वेळा बांधकाम चालू असलेली असतात, पैसे टप्प्याटप्प्याने बिल्डरला द्यावे लागतात. सध्याचं भाडं आणि हप्ता दोन्ही एकाच पगारातून जाणार असतील, तर तयार घरच बघा, असं मी सांगेन.

नंबर लागल्यावर पैशांचं काय

तयार घरांच्या बाबतीत साधारण असं असतं: देकार पत्र (ऑफर लेटर) आल्यावर किमतीच्या २५ टक्के रक्कम ४५ दिवसांत आणि उरलेली ७५ टक्के पुढच्या ६० दिवसांत. त्यानंतर मुदतवाढ मिळते, पण व्याजासह. नवराबायको दोघांचा पीएफ, दोघांचे दागिने, दोघांची माहेरं-सासरं असतात. तुमच्याकडे एकच पीएफ.

उदाहरणादाखल पुण्यातलं २४ लाखांचं घर धरू. पहिले २५ टक्के म्हणजे ६ लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणजे किमान २ लाख ४० हजार स्वतःचे हवेतच. शिवाय मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के, म्हणजे १ लाख ६८ हजार, आणि नोंदणी शुल्क १ टक्का, २४ हजार. हे दोन्ही खर्च कर्जात बसत नाहीत. घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. या उदाहरणात नोंदणी शुल्क त्यातूनच सुटतं. 'आधाराला असू दे' म्हणून भावाचं नाव सहमालक म्हणून घातलं की ही सवलत गेली.

उरलेल्या १८ लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता साडेपंधरा हजारांच्या थोडा वर जातो. पगार ४० हजार असेल तर हे झेपतं, वर सोसायटीचा देखभाल खर्च धरूनही. पगार २५ हजार असेल तर बँकच नाही म्हणेल. त्यामुळे अर्ज करण्याआधीच बँकेत जाऊन आपल्याला किती कर्ज बसतं ते लेखी विचारून घ्या. नंबर लागल्यावर कर्जासाठी म्हाडाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, त्यालाही दिवस जातात आणि मुदत तोवर थांबत नाही.

म्हाडाने कुणीही दलाल नेमलेला नाही. 'आतून काम करून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

ताबा मिळाल्यावर

पाच वर्षं घर विकता येत नाही. सोसायटी झाली की नामनिर्देशनाचा अर्ज तीन प्रतींत भरून द्या आणि सही-शिक्क्याची एक प्रत परत घ्या. एकट्या मालकाने हे टाळू नये. मात्र नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, त्याने घर सांभाळायचं आणि खऱ्या वारसाला द्यायचं. घर भाचीला किंवा मैत्रिणीला जावं असं मनात असेल तर मृत्युपत्र करावं लागेल. दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, नोंदणी सक्तीची नाही. तरी दुय्यम निबंधक कार्यालयात ते नोंदवून घेतलेलं बरं.