उजव्या बाहीवरची पदकं

गेल्या महिन्यात माझा भाचा स्काऊटची द्वितीय सोपान चाचणी पास होऊन घरी आला. माझ्या वडिलांनी, म्हणजे त्याच्या आबांनी, पहिला प्रश्न विचारला, "कुणाला हरवलंस?"

"कुणालाच नाही आबा. गाठी मारून दाखवल्या, पट्टी बांधून दाखवली."

"मग बिल्ला कशाचा?"

पोराला उत्तर सुचेना. आबांचाही दोष नाही. त्यांचं तरुणपण तालमीच्या तांबड्या मातीत गेलं. कोल्हापुरात मानाची वस्तू मिळते ती कुणाला तरी चितपट करून. खासबागेत गदा खांद्यावर येते तेव्हा दुसऱ्याची पाठ मातीला लागलेली असते. शाहू स्टेडियमवर पेठापेठांचा फुटबॉल रंगतो, तिथंही एक पेठ गुलाल उधळते आणि दुसरी मान खाली घालून घरी जाते. कुणीच न हरता मिळणारा मान आपल्या गावाला तसा नवखाच. म्हणून आबांच्या प्रश्नाचं उत्तर मी या बॅजच्या इतिहासात शोधलं, आणि ते सुरू होतं आपल्याच देशात, मेरठच्या छावणीत.

१८९७ साली रॉबर्ट बेडन-पॉवेल हा इंग्रज अधिकारी पाचव्या ड्रॅगून गार्ड्स या घोडदळ रेजिमेंटचा प्रमुख म्हणून भारतात आला. साध्या शिपायांना त्यानं टेहळणी शिकवायला घेतली. लहान तुकड्यांनी बाहेर पडायचं, रात्री वाट काढायची, मातीवरच्या खुणा वाचायच्या आणि पाहिलं तेवढंच येऊन सांगायचं. यात जे तयार झाले त्यांना त्यानं एक खूण दिली. होकायंत्रावर उत्तर दिशा दाखवणारं टोक असतं, तीच ही खूण. पुढं जगभरच्या स्काऊटांच्या छातीवर गेलेलं चिन्ह हेच. या शिपायावर विसंबायला हरकत नाही, एवढंच ती खूण सांगत होती. कुणाशी तरी झुंजून ती मिळत नव्हती.

नंतर दक्षिण आफ्रिकेत माफेकिंगच्या वेढ्यात शहरातल्या मुलांनी निरोप पोचवण्याची कामं चोख केली, ते त्यानं पाहिलं. इंग्लंडला परतल्यावर १ ऑगस्ट १९०७ रोजी ब्राऊनसी बेटावर त्यानं विसेक मुलांचं शिबिर भरवलं. बड्या शाळांतली मुलं आणि कामगारांची मुलं एकाच तंबूत. सुरुवातीला प्रत्येकाला त्या उत्तर टोकाचा पितळी बिल्ला दिला. गाठी, माग काढणं आणि राष्ट्रध्वज यांची परीक्षा दिल्यावर त्याखाली लावायची दुसरी पितळी पट्टी मिळाली. तिच्यावर ब्रीद होतं, 'तयार राहा'. बिल्ला आधी आणि परीक्षा मग, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी पोराला आपल्यात घ्यायचं, मग त्याला घडवायचं.

१९०८ मध्ये पायऱ्या ठरल्या : टेंडरफूट म्हणजे कोवळ्या पायाचा, मग सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लास. त्या जुन्या अटी आजही वाचाव्यात अशा आहेत. सेकंड क्लासला दोनपेक्षा जास्त काड्या न वापरता लाकडाची चूल पेटवून दाखवायची आणि एका डब्याखेरीज दुसरं भांडं न घेता मांस आणि बटाटे शिजवायचे. फर्स्ट क्लासला पोहणं, लांबच्या वाटेवर पायी जाऊन येणं आणि त्याचा अहवाल लिहिणं. शिवाय आणखी एक अट : एका नवख्या पोराला स्वतः शिकवून टेंडरफूट करून आणायचं. म्हणजे दुसऱ्याला पहिल्या पायरीवर उभं केल्याशिवाय स्वतःला वरची पायरी नाही. गदेच्या आणि बॅजच्या वाटा वेगळ्या होतात त्या इथं. १९०९ मध्ये या सगळ्यांच्या वर 'किंग्ज स्काऊट' आला आणि एकेका कामगिरीसाठी प्रावीण्य पदकंही आली.

त्याच १९०९ साली बेंगळुरूत कॅप्टन बेकर यांनी भारतातलं पहिलं पथक काढलं. पण ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. या मातीत जन्मलेली खूण या मातीतल्या पोरांनाच मिळत नव्हती. ज्यांना शिक्षणाचं दार कुणी उघडलं नव्हतं त्यांच्यासाठी त्याच काळात कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज एकामागून एक वसतिगृहं काढत होते आणि १९१७ मध्ये त्यांनी मोफत, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. स्काऊटिंगचं दार उघडायला मात्र स्वतंत्र चळवळी कराव्या लागल्या. १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी भारतीय मुलांची संघटना उभी केली. उत्तरेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल आले आणि बरीच मंडळी एकत्र आली. १९३७ च्या भेटीच्या सुमारास त्यांनी भारतीयांविषयी काढलेले उद्गार मात्र लोकांना झोंबले आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन वेगळी उभी राहिली. शील शिकवणाऱ्या संस्थेच्या जनकानं एका अख्ख्या समाजाच्या शीलावर बोट ठेवावं, ही त्या इतिहासातली दुखरी जागा आहे आणि ती झाकू नये.

स्वातंत्र्यानंतर मौलाना आझादांच्या शिक्षण खात्यानं पुढाकार घेतला आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी संघटना एक होऊन 'भारत स्काऊट्स अँड गाईड्स' झाली. १५ ऑगस्ट १९५१ ला गाईड्सही आल्या. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला विलीन झालं होतं, तेव्हा राज्य बदलणं म्हणजे काय हे इथल्या पोरांनी नुकतंच पाहिलेलं. आता 'किंग्ज स्काऊट' कुणाचा म्हणणार? शिडीचं शेवटचं टोक राष्ट्रपतींच्या नावाचं झालं आणि खालच्या पायऱ्यांनाही आपल्या भाषेतली नावं मिळाली : प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. चिन्हात अशोकचक्र आलं.

'सोपान' हा शब्द निवडणाऱ्याला मी मनोमन नमस्कार करतो. क्लास म्हटलं की कोण वरचा आणि कोण खालचा हे आलं. सोपान म्हणजे पायरी. जोतिबाला निघालेला माणूस दहाव्या पायरीवर असो की शंभराव्या, त्याची वाट तीच असते. आणि मराठी कानाला सोपान म्हटलं की ज्ञानदेवांचा धाकटा भाऊही आठवतोच.

चाचणी कोण घेतं हेही पायरीगणिक बदलतं. सुरुवातीला आपलेच स्काऊटमास्टर, तृतीय सोपानाला जिल्ह्याचं शिबिर, पुढं राज्याचं, शेवटी राष्ट्रीय. जसजसं वर जावं तसतसं तपासणारा माणूस अनोळखी होत जातो. सोपानाचा बॅज डाव्या बाहीवर आणि प्रावीण्य पदकं उजव्या. उजव्या बाहीकडं बघून जाणकार माणूस पोराला ओळखतो : प्रथमोपचार येतो का, स्वयंपाक येतो का, वाट काढता येते का.

लहानपणी मीही स्काऊट होतो. आमची चाचणी पन्हाळ्यावर झाली होती, जुलैत. धुकं इतकं की तीन दरवाजा दहा पावलांवरून दिसत नव्हता. हातात दोन काड्या आणि समोर भिजलेलं सरपण. माझी पहिली काडी वाया गेली. संघनायक, म्हणजे आमच्या तुकडीचा म्होरक्या, माझ्याहून वर्षानं मोठा, तो शेजारी उकिडवा बसला आणि एवढंच म्हणाला, "वरची साल काढ, आतलं कोरडं असतंय." सुरीनं साल सोलली, आतल्या पांढऱ्या लाकडाचे केसांसारखे पापुद्रे काढले, अंगाचा आडोसा केला आणि दुसरी काडी ओढली. धूर आला, मग जाळ. मला शिकवणं हीसुद्धा त्याची परीक्षाच होती, हे पुष्कळ वर्षांनी जुने नियम वाचताना कळलं.

आज राज्य पुरस्काराला दहावीत सवलतीचे गुण मिळतात, रेल्वेच्या भरतीत स्काऊट-गाईडचा कोटा आहे. गरीब घरच्या पोराला त्याचा आधार होतो, त्याला माझा विरोध नाही. पण काही ठिकाणी शिबिर संपायच्या आधीच नोंदवह्या एकाच हस्ताक्षरात भरलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि तेव्हा पोटात तुटतं. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ च्याही वर गेली. त्या पाण्यात बाहीवर पदक असलेल्या पोराला गाठ मारताच येत नसेल, तर त्या बाहीकडं बघून कुणीतरी भलत्याच भरवशावर दोराला लटकेल. बेडन-पॉवेल यांचाही आग्रह होता की पोरानं बॅज जमवत सुटू नये आणि त्याला जोखावं ते त्यानं घेतलेल्या कष्टांवर. पण गाठ सुटता कामा नये, हे त्यात धरलेलंच आहे.

त्या संध्याकाळी हे सगळं मी आबांना सांगत बसलो नाही. भाच्यालाच म्हटलं, दाखव काय शिकलास ते. आबांचा उजवा खांदा कुस्तीत निखळलेला आणि थंडीत अजून ठणकतो. पोरानं स्कार्फ सोडला, त्रिकोणी पसरला, आबांचा कोपर अलगद उचलून त्यात घेतला आणि टोकं मानेकडं नेली. गाठ त्यानं मणक्यावर न मारता गळ्याच्या हाडावरच्या खोलगट जागेत मारली. रीफ नॉट, चपटी, टोचत नाही अशी. मग बोटांची नखं दाबून रक्त परत येतंय का ते पाहिलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आबांनी हात हलवून बघितला. खांदा जागचा हलला नाही.

"कुणी शिकवलं?"

"संघनायकानं. आता मी आमच्यातल्या दोन बारक्यांना शिकवणार हाय."

आबांनी ती झोळी जेवणापर्यंत गळ्यात तशीच ठेवली.