कामठी : नागपूरवर नजर ठेवायला वसवलेलं गाव

नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा ऑटोमोटिव्ह चौकापासून कन्हान नदीपर्यंत जाणार हे ठरलं, आणि कामठीला ‘नागपूरचं उपनगर’ म्हणण्याचा जोर वाढला. प्लॉटच्या जाहिराती वाचल्या तर या गावाला स्वतःचं काही आहे असं वाटूच नये. नागपूर किती मिनिटांवर, एवढंच मोठ्या अक्षरात. कामठीकराला हे खटकतं, आणि रास्तच खटकतं. शहर वाढत वाढत इथवर आलं हे खरं, पण गाव त्यातून तयार झालेलं नाही. ते शहराला धाकात ठेवायला मुद्दाम वसवलं गेलं.

1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज रेसिडेंटची, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीची, तुकडी भिडली. भोसले हरले. पुढल्याच वर्षी अप्पासाहेबांना गादीवरून काढून अल्पवयीन तिसऱ्या रघूजींना बसवलं आणि कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सने हाती घेतला. राजधानी नावाला भोसल्यांची, पण पलटण हाकेच्या अंतरावर हवी. म्हणून 1821 मध्ये नागपूरपासून सुमारे 16 किलोमीटरवर, कन्हानच्या उजव्या तीरावर छावणी पडली. जागा नीट हेरलेली होती. पेंच आणि कोलार कन्हानला मिळतात त्याच्या थोडं खाली ही जागा येते, म्हणजे पाण्याची ददात नाही. वर जबलपूरकडची वाट हाताशी. छावणी नदीच्या कडेकडेने लांबट पसरली आणि तिच्या आग्नेयेला बाजार भरू लागला. आजचं शहर ते हेच. कँटोन्मेंट आणि नगर परिषद असे दोन कारभार कामठीत अजून शेजारीशेजारी चालतात, त्याचं मूळ या मांडणीत आहे.

फौज मद्रासची होती. 1857 च्या जूनमध्ये नागपुरात घोडदळाचा उठावाचा बेत फसला, त्यात कामठीच्या मद्रासी पलटणी इंग्रजांच्या बाजूने राहिल्या. अभिमानाने सांगावं असं हे प्रकरण नाही, म्हणून ते फारसं सांगितलंही जात नाही. पण त्या पलटणींमागे आलेली तमिळ-तेलुगू घरं इथेच रुजली. उत्तरेतून मोमीन विणकर आले, त्यांनी हातमाग लावले. मारवाडी पेढ्या आल्या; नागपुरातलं कस्तुरचंद पार्क ज्यांच्या नावाचं, त्या डागांच्या पेढीचं नाव कामठीशी जोडलेलं होतं. धान्य, कापड, गुरं यांचा मोठा व्यापार इथे चाले. नागपूरची माणसं सौद्याला कामठीला यायची, असे ते दिवस.

ते मोडले रेल्वेने. 1867 मध्ये मुंबईची गाडी नागपूरला पोचली. 1877 च्या पहिल्या दिवशी नागपुरात टाटांची एम्प्रेस ही कापडगिरणी सुरू झाली. छत्तीसगडकडे जाणारा रूळ पुढे कामठीवरून गेला खरा, पण माल चढायचा-उतरायचा तो नागपूरला. त्यात फौजही कमी करण्यात आली. 1881 मध्ये 50 हजारांच्या घरात असलेली वस्ती 1901 च्या खानेसुमारीत 38,888 वर आली. रस्ते, गाड्या, पूल आले की गाव वाढतंच, असं मानणाऱ्यांनी हा आकडा जरा लक्षात ठेवावा. कामठीला रूळ मिळाला आणि बाजार गेला.

उरलं ते हाताचं काम : माग आणि विडी. विडीचं काम घरोघरी चाले, बहुतेक बायांच्या हातून. रात्री भिजवलेलं तेंदूपान सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचं, मांडीवरच्या सुपात तंबाखू, चिमूट भरून वळायचं, दोऱ्याने बांधून तोंड दुमडायचं. मजुरी हजार विड्यांमागे. शेवटी ठेकेदाराच्या माणसाने मूठभर विड्या खराब ठरवून बाजूला काढल्या की तेवढे पैसे बुडाले. विड्या मात्र परत मिळतीलच असं नाही.

या अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला माणूस कामठीचाच. बाबू हरदास एल. एन., म्हणजे हरदास लक्ष्मणराव नगराळे, जन्म 6 जानेवारी 1904. त्यांनी विडी कामगारांची संघटना बांधली, आंबेडकरांच्या चळवळीत कार्यकर्ते जोडले, आणि 1937 मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे प्रांतिक विधिमंडळात निवडून गेले. भेटल्यावर ‘जय भीम’ म्हणायची प्रथा रूढ करण्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. 12 जानेवारी 1939 रोजी, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, ते क्षयाने गेले. आज देशभर रोज लाखो तोंडी असलेला हा नमस्कार ज्याच्या नावे सांगितला जातो, त्याचं गाव कोणतं हे नागपूरबाहेर किती जणांना ठाऊक असतं? लोक कामठीत येतात ते 1999 मध्ये उभं राहिलेलं, जपानी देणगीतून साकारलेलं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार पाहायला. चंदनी बुद्धमूर्तीपुढे बसतात आणि परततात. विहार सुंदर आहे, वाद नाही. पण त्याला ‘पर्यटनस्थळ’ एवढ्यात गुंडाळलं की ज्या विडी कामगारांच्या आणि आंबेडकरी चळवळीच्या जमिनीवर ते उभं आहे, ती दिसत नाही.

गावाच्या नावाला भूगर्भशास्त्रातही जागा आहे. या परिसरातल्या वालुकाश्माच्या थरांना शास्त्रज्ञ ‘कामठी’ थर म्हणतात. खाली कोळसा आहे. सिलेवाड्याच्या खाणी त्यावरच. तालुक्यातच कोराडीचं औष्णिक वीज केंद्र, आणि कन्हानचं पाणी नागपूरच्या नळांना. शहराला पाणी, वीज, कोळसा पुरवायचा, वाट्याला राख घ्यायची, हा व्यवहार गेली कित्येक दशकं बिनबोभाट चालू आहे.

आता येरखेडा, रनाळा ही चिकटून असलेली गावं लेआउटांनी भरली आहेत. 2017 मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं, तालुक्यातली गावं त्याच्या हद्दीत गेली. तेव्हापासून वावर विकणाऱ्याच्या तोंडी सातबाऱ्याआधी एनए (बिगरशेती परवानगी) आणि आरएल (रिलीज लेटर, म्हणजे प्लॉट मोकळा केल्याचं पत्र) येतं. घर कामठीत, नोकरी नागपुरात, मुलांची शाळा मधल्या रस्त्यावर कुठेतरी, असं राहणारी कुटुंबं वाढताहेत. मेट्रो आली की त्यांची सोय होईल. कामठीच्या गुजरीतल्या, म्हणजे बाजारातल्या, दुकानदाराचं गिऱ्हाईक मात्र त्याच गाडीत बसून सीताबर्डीला जाणार की नाही, याचा हिशेब अजून कोणी मांडलेला दिसत नाही.