चार बाय सातचं बाथरूम: जागा कुठे जाते आणि कुठून येते

चार बाय सातच्या बाथरूमचं क्षेत्रफळ २८ चौरस फूट. त्याचं अडीच फुटी दार आत उघडत असेल, तर ते पाव वर्तुळ फिरतं आणि जवळपास ५ चौरस फूट अडवून बसतं. तेवढ्या पट्ट्यात बेसिन येत नाही, बादलीसुद्धा ठेवता येत नाही. म्हणून टाइलचा रंग ठरवण्याआधी दाराच्या बिजागऱ्या बघाव्यात. दार बाहेर उघडणारं केलं की ही जागा खरोखर मिळते, शिवाय आत कुणी घसरून पडलं तरी दार अडत नाही. एवढंच, की दाराला लागलेलं पाणी मग पॅसेजमध्ये ठिबकतं. तिथे पायपुसणं हवंच.

पुढचा खेळ प्रकाशाचा. पांढरी टाइल अंगावर पडलेला साधारण ८० टक्के प्रकाश परत फेकते, गडद करडी जेमतेम २० टक्के. फरक चौपट दिसतो, पण बंद खोलीत तो तेवढ्यावर थांबत नाही, कारण परतलेला प्रकाश समोरच्या भिंतीवर जाऊन पुन्हा परततो. ऐंशी टक्क्यांचे ऐंशी टक्के, त्याचे पुन्हा ऐंशी, अशी बेरीज करत गेलं तर नुसत्या परतीच्या प्रकाशातून दिव्याच्या चौपट उजेड जमतो. गडद रंगात हीच बेरीज पाव पटीवर संपते. म्हणजे सगळीकडे एकच रंग धरला तर दिवा तोच आणि फरक सोळापट! याच परतीच्या उजेडाने कोपरे उजळतात. कोपरा अंधारात असला की भिंत नेमकी कुठे संपते हे डोळ्याला कळत नाही आणि खोली आक्रसते.

छत उंच दिसावं म्हणून भिंती गडद ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत छत फिकट असलं की खोली उंच वाटली, भिंती फिकट असल्या तेव्हाही उंच वाटली. फरशीच्या रंगाने मात्र फरक पडला नाही. तेव्हा खाली मळखाऊ करडी, खरखरीत फरशी घालायला हरकत नाही.

सांधे जितके कमी, तितकी भिंत सलग दिसते. भिंतीला १२ बाय २४ इंची टाइल, २ मिमीचा सांधा आणि टाइलच्याच रंगाचं ग्राउट (सांध्यात भरायचं मिश्रण) पुरेसं आहे. जमिनीवर मात्र मोठ्या टाइलचा हट्ट अंगाशी येतो. नहाणी ट्रॅपकडे (जमिनीवरचं पाणी जिथून निघून जातं ते जाळीचं तोंड) दर मीटरला १० ते १२ मिमी ढाळ लागतो. ट्रॅप मधोमध असेल तर हा ढाळ चारही बाजूंनी यावा लागतो आणि मोठी टाइल काही वाकत नाही. मग गवंडी ती तिरकी कापतो (सांधे पुन्हा वाढले), किंवा तशीच बसवतो आणि कोपऱ्यात पाणी साचतं. भिंतीलगत लांब जाळीचा चॅनल टाकला तर ढाळ एकाच दिशेला पुरतो.

शॉवरला पडद्याऐवजी पारदर्शक काच लावली तर मागची भिंत दिसत राहते. पण बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर आंघोळीनंतर रोज वायपर फिरवायची तयारी हवी. नाहीतर महिनाभरात क्षारांचे पांढरे डाग धरून तीच काच पडद्यासारखी होते.

आरसा सात फुटी भिंतीवर लावावा. भिंतीपुढे वस्तू जितकी दूर, तितकीच तिची प्रतिमा भिंतीमागे, त्यामुळे चार फुटांची अरुंद बाजू आठ फुटांची भासते. मात्र चौकटीतला छोटा आरसा तसबिरीसारखा दिसतो. कडा भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत नेल्या तरच डोळा फसतो. समोर खिडकी आली तर उत्तमच. आता नेहमीची तक्रार: वर्षभरात आरशाच्या कडा काळ्या पडतात. ओल मागच्या रंगाखाली शिरते आणि चांदीचा थर खाते. म्हणून खालची कड बेसिनपासून दोन इंच वर ठेवावी आणि मागे ३-४ मिमी हवा खेळू द्यावी. चिकटवायला सिलिकॉन न्यूट्रल क्युअर प्रकारचंच, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं, घ्यावं. नळी उघडल्यावर थोडं बोटावर काढून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट आला तर त्यातून सुटणारं आम्लच चांदी खाईल. ती नळी बेसिनच्या कडेला वापरा, आरशामागे नको.