‘गरम’ प्लगची ठिणगी गरम नसते

पेट्रोलच्या गाडीत स्पार्क प्लग काय करतो, हे वाचकाला ठाऊक असणार. कॉइलकडून आलेला हजारो व्होल्टचा दाब दोन टोकांमधली फट ओलांडतो, ठिणगी पडते आणि मिश्रण पेटते. तो विषय एवढ्यावरच सोडतो. लिहायचे आहे ते ‘गरम’ आणि ‘थंड’ प्लगांविषयी, कारण गॅरेजच्या बाकड्यावर, स्पेअर पार्टच्या दुकानात आणि चांगल्या शिकल्यासवरल्या मित्रांच्या गप्पांतही वर्षानुवर्षे एकच सल्ला कानावर पडतो आहे: ‘हॉट प्लग टाका, स्पार्क जोरात पडेल.’ हा सल्ला अर्धवटही बरोबर नाही. ठिणगीचा जोर कॉइल, फटीचे अंतर आणि सिलिंडरमधला दाब यांवर ठरतो. प्लग गरम जातीचा आहे की थंड जातीचा, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

गरम किंवा थंड हे विशेषण ठिणगीला लावलेले नसून प्लगच्या नाकाला लावलेले आहे. प्लग हातात घेऊन इंजिनात जाणाऱ्या टोकाकडून आत डोकावले, तर मधल्या इलेक्ट्रोडभोवती पांढऱ्या सिरॅमिकचा निमुळता शंकू, म्हणजेच नाक, दिसतो आणि तो शंकू व बाहेरचे आट्यांचे धातूचे कवच यांच्यामध्ये एक गोल पोकळी दिसते. गरम प्लगमध्ये ही पोकळी खोल असते, म्हणजे नाक लांब असते. जळत्या वायूला त्याचा मोठा भाग उघडा सापडतो आणि टोकाची उष्णता सिरॅमिकमधून कवचापर्यंत, तिथून आटे व वॉशरमार्गे सिलिंडर हेडमध्ये पोहोचायला लांबचा रस्ता कापते. थंड प्लगचे नाक आखूड असल्यामुळे तीच उष्णता लवकर बाहेर पडते. कोकणातल्या उतरत्या कौलारू छपरावर आणि शेजारच्या सपाट गच्चीवर पाऊस सारखाच पडतो, पण एकावरून तो लगेच निथळतो आणि दुसरीवर साचून राहतो. प्लगांमधला फरक नेमका एवढाच आहे.

हा फरक महत्त्वाचा का, तर नाकाचे तापमान दोन मर्यादांच्या आत राहावे लागते. ते साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की नाकावर बसलेला कार्बन आपोआप जळून जातो. त्याखाली राहिले तर काजळी साचते, वीज फट ओलांडण्याऐवजी काजळीवरून कवचाकडे पळते आणि गाडी मिसिंग करू लागते. उलट ते ८०० अंशांच्या बरेच पुढे गेले, तर तापलेले नाकच निखाऱ्यासारखे वागते आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटवते. हे वाढले तर पिस्टनला भोक पडते. प्लग किती गरम किंवा थंड हे सांगणारा त्याच्यावरचा क्रमांक एका पायरीने बदलला की टोकाचे तापमान सुमारे ७० ते १०० अंशांनी बदलते, त्यामुळे ‘एका नंबराने काय होते’ हे वाक्यही मला सहन होत नाही.

माझ्या एका मित्राच्या गाडीला जानेवारीत सकाळी चालू व्हायला त्रास होऊ लागला, तेव्हा एका गॅरेजने ‘थंडीचे दिवस आहेत’ म्हणून एक पायरी गरम प्लग बसवले. गाडी चालू झाली, पण ती प्लग गरम होते म्हणून नव्हे, तर नवे आणि योग्य फटीचे होते म्हणून. पुढे उन्हाळ्यात चार माणसे आणि सामान घेऊन खंबाटकी घाट चढताना इंजिन खडखडू लागले. घरी येऊन प्लग काढले, तेव्हा फिकट तपकिरी दिसायला हवी ती नाके खडूसारखी पांढरी पडली होती आणि त्यांवर बारीक चमकदार कण चिकटलेले होते. हवेतल्या थंडीसाठी प्लग बदलण्याचा विचारच चुकीचा आहे, कारण बाहेर दहा अंश असोत की चाळीस, थर्मोस्टॅट इंजिनला काही मिनिटांत त्याच्या नेहमीच्या तापमानावर आणतो. तेल खाणाऱ्या जुन्या इंजिनात काजळी धरू नये म्हणून गरम प्लग टाकण्याची युक्तीही मला पसंत नाही. ती पिस्टनच्या रिंगांचे दुखणे झाकते. कोरडी काळी काजळी दिसली तर आधी एअर फिल्टर आणि मिश्रण तपासावे. एक पायरी थंड प्लगाला मात्र खरी कारणे असतात: इंजिनचे कॉम्प्रेशन वाढवले असेल किंवा टर्बोचा दाब वाढवला असेल, तर तो घालावा लागतो. मूळ अवस्थेतल्या गाडीला कंपनीच्या पुस्तकातला क्रमांक सोडून काहीही लावू नये.

या गोंधळात क्रमांकांच्या उलटसुलट दिशांची भर पडते. एनजीके आणि डेन्सो यांच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियन यांच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग गरम होतो. एनजीकेचा ६, डेन्सोचा २० आणि बॉशचा ७ हे साधारण एकाच पायरीवर येतात. त्यामुळे बॉशच्या ७ च्या जागी ‘सातच द्या’ म्हणून एनजीकेचा ७ घेणारा माणूस नकळत एक पायरी थंड प्लग घरी आणतो. जुन्या मेकॅनिकांचा घोळ आणखी वेगळा आहे, कारण मायको या बॉशच्याच भारतातल्या जुन्या कंपनीच्या काळातल्या १४५, १७५, २२५ या आकड्यांत वाढता आकडा थंडपणा दाखवी आणि नंतरच्या एक अंकी क्रमांकांत तोच क्रम उलटला. म्हणून आकड्यांची तुलना एकाच कंपनीच्या, एकाच मालिकेतल्या प्लगांमध्ये करावी. कंपनी बदलायची असेल तर तुलनेचा तक्ता पाहावा, अंदाज करू नये.

बाकीचे फरक थोडक्यात आटोपतात. इरिडियमचा प्लग गरम नसतो, थंडही नसतो. त्याचे बारीक टोक हळू झिजते, म्हणून तो जास्त किलोमीटर टिकतो, आणि गाडीचे ॲव्हरेज एकदम वाढेल अशी अपेक्षा त्याच्याकडून करू नये. ज्याला सगळे ‘कॉपर’ म्हणतात त्याचे तांबे आत गाभ्यात असते, टोक निकेलच्या मिश्रधातूचे असते. सीएनजीवर ठिणगी पाडायला जास्त व्होल्ट लागतात, तेव्हा फट पुस्तकात दिली आहे तेवढीच ठेवावी आणि प्लग वेळेवर बदलावेत. डिझेल गाडीतला हीटर प्लग म्हणजे गरम प्लग नव्हे. तिथे ठिणगीच पडत नाही. आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर आहे की १९, हे दोन प्लग शेजारी धरले की दिसते.

प्लग ढिला राहिला तर योग्य क्रमांकाचा प्लगही गरम प्लगसारखा वागतो, कारण उष्णतेची वाट आटे आणि वॉशर यांतूनच जाते. वॉशरचा नवा १४ मिलिमीटरचा प्लग थंड इंजिनात हाताने टेकेपर्यंत फिरवावा आणि मग पान्याने आणखी अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यावा.